तार्गुमचा अभ्यास कसा करावा: काइन आणि हाबेलच्या अध्यायापासून सुरुवात

‘तर्जुमा’ हा शब्द मराठीला नवा नाही. अरबीतून फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि भाषांतर या अर्थाने रुळला. अरामी भाषेतला ‘तार्गुम’ याच शब्दाचा जवळचा नातलग. ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथाची प्राचीन काळी अरामी भाषेत जी रूपांतरे झाली, त्यांना तार्गुम म्हणतात. सिनेगॉगमध्ये उभे राहून ते म्हणून दाखवणारा तो ‘मतुर्गमान’, म्हणजे दुभाषा.

तार्गुमचा अभ्यास करायचा आहे, पण सुरुवात कुठून करू, असे मला अधूनमधून विचारले जाते. कोणी बायबलचा अभ्यासक असतो, कोणी भाषाशास्त्राचा विद्यार्थी, तर कोणाला बेने इस्राएली घरातली आजीची प्रार्थना समजून घ्यायची असते. सगळ्यांना मी एकच सांगतो: मोठा विषय हातात घेऊ नका. एक अध्याय घ्या आणि तो सगळ्या तार्गुमांत वाचा. या लेखात मी बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, चौथा अध्याय घेतला आहे. काइन आपल्या भावाला, हाबेलला, शेतात मारतो तो.

आधी ‘तार्गुम’ हा शब्द एकवचनी वापरणे सोडा

‘तार्गुममध्ये असे म्हटले आहे’ हे वाक्य मीही सुरुवातीला लिहायचो. १८६० च्या दशकातल्या एका जुन्या इंग्रजी भाषांतरातून एक ओळ उचलली आणि ती पहिल्या शतकातल्या ज्यूंची समजूत म्हणून टिपणात टाकली. पुढे कळले की ती ओळ ज्या तार्गुममधली होती, त्याचे अंतिम रूप इस्लामच्या उदयानंतरचे आहे. सहाशे-सातशे वर्षांची चूक. म्हणून पहिला प्रश्न नेहमी ‘कोणता तार्गुम?’ हाच हवा.

तोराचा, म्हणजे पहिल्या पाच पुस्तकांचा, सर्वांत मान्यता पावलेला तार्गुम ओंकेलोसचा. संदेष्ट्यांच्या पुस्तकांचा तसाच मानाचा तार्गुम योनाथानच्या नावाने ओळखला जातो. बॅबिलोनी तालमूदच्या (ज्यूंच्या धर्मचर्चांच्या प्राचीन संग्रहाच्या) मगिल्ला ग्रंथात या दोघांची नावे येतात. मात्र यरुशलेमी तालमूद तशीच हकीकत अक्विला नावाच्या ग्रीक भाषांतरकाराबद्दल सांगतो, त्यामुळे ‘ओंकेलोस’ हे नावच अक्विलाच्या घोळातून आले असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. हे दोन्ही तार्गुम मुळात पॅलेस्टाइनमध्ये घडले आणि बॅबिलोनियात त्यांच्यावर शेवटचा हात फिरला, हे मत आज बहुतेकांना मान्य आहे.

दुसरे घराणे पॅलेस्टिनी तार्गुमांचे. हे मोकळेढाकळे आहेत. गोष्टी सांगतात, प्रश्न विचारतात, मूळ वचनात भर घालतात. यात निओफिती (व्हॅटिकनमधली एक पोथी, तिची गोष्ट पुढे येईल), निवडक वचनांपुरताच असलेला खंडित तार्गुम आणि कैरोच्या गनीझात, म्हणजे सिनेगॉगमधल्या जीर्ण लिखाणाच्या कोठारात, सापडलेले तुकडे येतात. याच घराण्याच्या आसपासचा, पण ओंकेलोसशीही मिसळलेला, तो ‘छद्म-योनाथान’. हे विचित्र नाव एका संक्षेपामुळे पडले. ‘तार्गुम यरुशल्मी’ची दोन आद्याक्षरे कोणीतरी ‘तार्गुम योनाथान’ अशी सोडवली आणि तोराचा हा तार्गुम भलत्याच माणसाच्या नावे चढला.

मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांतल्या गुंडाळ्या याहून जुन्या. अकराव्या गुहेत १९५६ साली ईयोबाच्या तार्गुमची गुंडाळी मिळाली आणि ती १९७१ साली प्रसिद्ध झाली. चौथ्या गुहेत लेवीयच्या सोळाव्या अध्यायाचे बारीक तुकडे आहेत. तेव्हा लिखित अरामी भाषांतरे ख्रिस्ताच्या काळीच अस्तित्वात होती, याबद्दल शंका उरत नाही. दानीएल आणि एज्रा-नहेम्या यांचा तार्गुम शोधू नका, तो नाही. दानीएल आणि एज्राचे काही भाग मुळातच अरामीत आहेत. शोमरोनी लोकांचा (तोरा मानणाऱ्या, पण ज्यूंहून वेगळ्या समाजाचा) तार्गुम आणि सिरियाक या अरामी बोलीतले बायबलचे भाषांतर, पशित्ता, या वेगळ्या परंपरा आहेत. त्यांची गरज पुढे तुलनेला लागेल.

लिपी आणि भाषेची तयारी

तार्गुम हिब्रूच्याच चौकोनी अक्षरांत लिहिलेले असतात. खरे तर ही अक्षरे मुळात अरामीचीच, हिब्रूने ती नंतर उचलली. बावीस अक्षरे, उजवीकडून डावीकडे. रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन आठवड्यांत अडखळत का होईना वाचता येते. ‘त्सादे’ या अक्षराचा आज रूढ असलेला उच्चार मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. ‘चाक’ आणि ‘चोर’मधला आपला दंत्य च जवळपास तोच. गोंधळ होतो तो दिसायला सारख्या अक्षरांचा: दालेत आणि रेश, हे आणि हेत, वाव आणि योद. जुन्या हस्तलिखितांत वाव आणि योद कधीकधी अजिबात वेगळे काढता येत नाहीत.

आधी हिब्रू की आधी अरामी? मी म्हणेन आधी हिब्रूचे एक वर्ष. मूळ वचन हिब्रूत वाचता आले नाही, तर तार्गुमने काय बदलले हे दिसणारच नाही. आणि सगळे संशोधन त्या बदलांतच आहे.

अरामीची तीन खुणेची रूपे लवकर डोक्यात बसवा. नामाच्या शेवटचा ‘आ’ म्हणजे ‘तो ठरावीक’: ‘मलक’ कोणी एक राजा, ‘मलका’ तो राजा. ‘द’ हा उपसर्ग म्हणजे ‘चा’ किंवा ‘जो’. ‘यत’ हे कर्माचे चिन्ह, आपल्या ‘ला’ प्रत्ययासारखे काम करणारे.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत मराठी वाचकाच्या पदरात बरेच काही आधीच पडलेले असते, कारण मराठीत शिरलेल्या अरबी शब्दांचे धातू आणि अरामी धातू सख्खे भाऊ. आलम, रहम, किताब, कबर, सलाम, हिशेब: या सगळ्यांची भावंडे तार्गुमांत भेटतात. उत्पत्ति ३१:४७ मध्ये लाबान दगडांच्या राशीला जे नाव देतो, त्यातला ‘साहदूता’ म्हणजे साक्ष, आपल्या ‘शहादत’शी धातूने जोडलेला. तोरामधले ते एकमेव ठळक अरामी नाव आहे. ते मूळ पानावर शोधून वाचा, पहिला सराव तिथेच होतो.

सरावाला आणखी एक सोय महाराष्ट्रातच झालेली आहे. बेने इस्राएलींसाठी मराठी भाषांतरासह वल्हांडणाच्या सणाची हग्गादा (त्या रात्री वाचायची पोथी) १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली आणि १८७४ साली पुण्यात सचित्र निघाली. हग्गादामधला ‘हा लहमा अन्या’ हा उतारा (‘हीच ती हालअपेष्टांची भाकर’) अरामीत आहे. अरामी वाक्य आणि त्याचे मराठी शेजारी शेजारी बघायला मिळण्याची ही दुर्मीळ जागा.

मांडणीचा कागद

आता कामाला लागू. आडवा कागद घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. रकाने असे: हिब्रू, ओंकेलोस, निओफिती, छद्म-योनाथान, खंडित तार्गुम, सप्तती (म्हणजे प्राचीन ग्रीक भाषांतर), पशित्ता आणि शेवटी एक रुंद रकाना टिपणांसाठी. प्रत्येक वचनाला एक ओळ. कंटाळवाणे वाटेल, पण हा तक्ता हाताने भरा. नकलून चिकटवलेल्या मजकुरावरून डोळा घसरतो. स्वतःच्या हाताने अक्षरे काढली की एक जास्तीचा शब्दही खुपतो.

मजकूर कुठून घ्यायचा? सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजचा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह अरामेइक लेक्सिकन’ हा प्रकल्प महाजालावर मोफत आहे. तार्गुमांचे मजकूर, प्रत्येक शब्दाची व्याकरणिक फोड, कोश आणि शब्दसूची सगळे एका जागी. मला एकच साधन ठेवायचे झाले तर मी हेच ठेवीन. ‘सेफारिया’वर हिब्रूशेजारी ओंकेलोस आणि छद्म-योनाथान वाचता येतात. छापील संपादनांत अलेक्झांडर श्पेर्बरचे ओंकेलोस आणि योनाथान, पहिला खंड १९५९ सालचा, येमेनी हस्तलिखितांवर उभे आहे. कोशांपैकी जास्त्रोचा जुना कोश मोफत मिळतो आणि कामाचा आहे, पण तो सगळ्या बोली एकत्र टाकतो. पॅलेस्टिनी अरामीसाठी सोकोलॉफचा स्वतंत्र कोश वापरा.

एक वचन जवळून: उत्पत्ति ४:८

हिब्रूत हे वचन तुटलेले आहे. ‘आणि काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला’ आणि पुढे काय म्हणाला ते नाहीच! थेट ‘ते शेतात असताना काइन उठला’. तुमच्याकडचे मराठी बायबल उघडून पाहा, ही फट तशीच ठेवली आहे की बुजवली आहे. सप्तती, शोमरोनी तोरा आणि पशित्ता यांनी ‘चल, शेतात जाऊ’ अशा अर्थाचे शब्द घालून ती बुजवली आहे.

ओंकेलोस बुजवत नाही. हिब्रूइतकेच तुटलेले वाक्य तो अरामीत देतो. शेताला त्याचा शब्द ‘हकला’. प्रेषितांच्या कृत्यांत येणारे ‘हकलदमा’ म्हणजे रक्ताचे शेत हे नाव मराठी बायबलच्या वाचकांच्या ओळखीचे आहे. तोच हा शब्द.

आता निओफितीच्या रकान्यात या. इथे काइन म्हणतो, ये, आपण दोघे बाहेर मोकळ्या रानात जाऊ. रानाला शब्द ‘अप्पे बरा’, ‘हकला’ नाही. दोघे तिथे पोचतात आणि वाद सुरू होतो. काइन म्हणतो, हे जग दयेने निर्माण झालेले नाही, चांगल्या कर्मांच्या फळाप्रमाणे चालत नाही, न्यायात पक्षपात होतो, नाहीतर तुझे अर्पण स्वीकारले आणि माझे का नाही? हाबेल नेमके उलट उत्तर देतो. मग काइनचे ते भयंकर वाक्य येते: ‘लेत दीन, वलेत दय्यान, वलेत आलम ओहोरान’. न्याय नाही, न्यायाधीश नाही, दुसरे जग नाही. हाबेल म्हणतो, आहे. त्या वादातच काइन उठतो आणि भावाला मारतो. हिब्रूत मोकळ्या राहिलेल्या जागेत परमेश्वराच्या न्यायाबद्दलचा आख्खा वाद बसवला गेला आहे, आणि तोही जगातल्या पहिल्या दोन भावांच्या तोंडी. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ पान उलटले नव्हते.

छद्म-योनाथानच्या रकान्यात हाच वाद आहे, पण काइनचे पहिले वाक्य वेगळे आहे. जग ‘रहमीन’ने, म्हणजे दयेने, निर्माण झाले हे तो इथे मान्य करतो. त्याची तक्रार फक्त ते कसे चालवले जाते याबद्दल आहे. एका नकाराचा फरक. शिवाय इथे खुनाचे हत्यारही सांगितले आहे: काइनने हाबेलच्या कपाळात दगड रुतवला. मूळ हिब्रूत दगड नाही.

टिपणांच्या रकान्यात लगेच अर्थ लावू नका. आधी नुसती नोंद करा: काय जास्त, काय कमी, काय बदलले. अर्थ लावायची घाई झाली की नोंदी पक्षपाती होतात.

ओंकेलोसला साधा समजू नका

आठवे वचन पाहून वाटेल की ओंकेलोस शब्दाला शब्द ठेवतो. म्हणून दोन ओळी खाली या. दहाव्या वचनात हिब्रूत ‘तुझ्या भावाच्या रक्तांचा आवाज’ असे अनेकवचन आहे. ओंकेलोस तिथे लिहितो: तुझ्या भावापासून जी संतती निघणार होती, तिच्या रक्ताचा आवाज. एका अनेकवचनी प्रत्ययातून त्याने न जन्मलेल्या पिढ्या बाहेर काढल्या. हीच समजूत मिश्नाच्या, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहाच्या, सान्हेद्रिन ग्रंथात (४:५) साक्षीदारांना ताकीद देताना येते: त्याचे रक्त आणि त्याच्या वंशजांचे रक्त. निओफिती इथे ‘नीतिमान जमाव’ म्हणतो आणि जमावासाठी ग्रीकमधून आलेला शब्द वापरतो.

चौदाव्या वचनात तर ओंकेलोस मूळ वाक्य उलटवतो. हिब्रू काइन म्हणतो, ‘तुझ्या मुखापासून मी लपेन’. अरामी काइन म्हणतो, ‘तुझ्यापुढून लपणे शक्य नाही’. परमेश्वरापासून कोणी लपू शकते असे भर सभेत कसे म्हणायचे, ही भाषांतरकाराची अडचण इथे स्पष्ट दिसते. याच धास्तीपोटी परमेश्वर ‘उतरला’ तिथे ओंकेलोस ‘प्रकट झाला’ म्हणतो (११:५), आणि बागेत आदाम-हव्वेला ऐकू येतो तो परमेश्वराच्या ‘मेम्रा’चा, म्हणजे वचनाचा, आवाज (३:८). ‘मेम्रा’ हा शब्द दिसला की अनेकजण थेट योहानाच्या शुभवर्तमानातल्या ‘शब्दा’कडे धाव घेतात. कृपा करून थांबा. आधी एका पुस्तकातले सगळे ‘मेम्रा’ जमवा, प्रत्येक ठिकाणी हिब्रूत काय आहे ते लिहा, मग बोला.

असे बदल का होतात, हे समजण्यासाठी ते म्हटले कसे जायचे ते डोळ्यांसमोर आणा. मिश्नाच्या मगिल्ला ग्रंथातला नियम असा: वाचकाने तोराचे एक वचन हिब्रूत वाचायचे आणि थांबायचे, मग दुभाष्याने ते अरामीत म्हणायचे. संदेष्ट्यांची तीन वचनांपर्यंत एकदम चालतील. काही उतारे वाचायचे, पण भाषांतर करायचे नाही, जसे याकोबाचा मुलगा रऊबेन बापाच्या उपपत्नीजवळ जातो ते प्रकरण. म्हणजे श्रोत्यांच्या कानावर मूळ आणि तर्जुमा दोन्ही पडायचे. तार्गुम मुळाच्या जागी बसत नव्हता, त्याच्या शेजारी उभा राहत होता. रब्बी यहूदांचे वचन प्रसिद्ध आहे: जो शब्दाला शब्द ठेवतो तो खोटे बोलतो, आणि जो भर घालतो तो निंदा करतो. या दोहोंमधल्या अरुंद वाटेने दुभाषा चालत होता. गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्यांची ज्ञानेश्वरी ऐकत आलेल्या आपल्या कानांना शेजारी उभे राहून सांगण्याची ही रीत परकी वाटू नये.

बोली ओळखणे

निनावी तुकडा समोर आला तर तो कोणत्या घराण्यातला, हे दोन छोट्या शब्दांवरून बरेचदा कळते. ‘कारण’ किंवा ‘की’ या अर्थी ओंकेलोस ‘अरी’ म्हणतो, पॅलेस्टिनी तार्गुम ‘अरूम’. ‘पाहणे’ या अर्थी ओंकेलोसचा धातू ‘हझा’, पॅलेस्टिनींचा ‘हमा’. दोन्ही मिसळलेले दिसले तर छद्म-योनाथान आठवा. हे नियम पोलादी नाहीत, लेखनिक आपल्या सवयीचे रूप मध्येच घालतात. पण पन्नास वचने तपासली की पारडे झुकते.

हस्तलिखित उघडून पाहा

निओफितीची गोष्ट प्रत्येक नव्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात ही पोथी ओंकेलोस म्हणून नोंदलेली होती. स्पॅनिश अभ्यासक आलेहान्द्रो दिएस माचो यांनी ती उघडून वाचली, तेव्हा हा तर तोराचा जवळजवळ संपूर्ण पॅलेस्टिनी तार्गुम आहे हे उघड झाले. १९५६ साली त्यांनी ते जाहीर केले आणि १९६८ पासून मजकूर छापून आला. सूचीवर विसंबून पुढे गेलेल्या प्रत्येकाच्या हातून ही पोथी निसटली होती.

आज व्हॅटिकनच्या डिजिटल ग्रंथालयात तिची पाने घरबसल्या पाहता येतात. तुमच्या आठव्या वचनाचे पान काढा. समासात आणि ओळींमध्ये बारीक अक्षरांत पाठभेद दिसतील. ही टिपणे दुसऱ्या पॅलेस्टिनी प्रतींतली आहेत, त्यामुळे एका पोथीत अनेक साक्षी आहेत असे समजा. उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात खाडाखोडीच्या खुणा आहेत. त्यावर आजवर किती शाई सांडली आहे, ते स्वतः पाहिल्यावर कळते. इतर पोथ्यांसाठी इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘क्तीव’ हा संग्रह, गनीझाच्या तुकड्यांसाठी केंब्रिजचे डिजिटल ग्रंथालय आणि कुमरानसाठी लिऑन लेव्ही संग्रह. उतारा घेताना हस्तलिखिताचे नाव, पानाचा क्रमांक आणि पानाची बाजू त्याच वेळी लिहा. नंतर लिहीन म्हटले की ते राहतेच.

काळ ठरवताना

इथे सर्वांत जास्त चुका होतात. निओफितीची प्रत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये उतरवली गेली, पण तिची भाषा आणि आशय कितीतरी शतके आधीचे आहेत. छद्म-योनाथानमध्ये इश्माएलाच्या बायकांची नावे अदीशा आणि फातिमा येतात (२१:२१), म्हणजे शेवटचा हात सातव्या शतकानंतर फिरला हे नक्की. पण त्याच तार्गुममध्ये लेवीय २२:२८ वर एक वाक्य आहे: आपला स्वर्गातला पिता दयाळू आहे, तसे तुम्ही पृथ्वीवर दयाळू व्हा. या तऱ्हेचे भाषांतर करणाऱ्यांना यरुशलेमी तालमूद नावे ठेवतो. म्हणजे ते वाक्य तालमूदच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होते. एकाच पोथीत जुने आणि नवे थर शेजारी शेजारी असतात.

म्हणून ‘हा तार्गुम अमुक शतकातला’ असे लिहू नका. ‘या वचनातली ही भर अमुक काळी ठाऊक होती, कारण ती अमुक ठिकाणी उद्धृत आहे’ असे लिहा. काइनच्या ‘न्याय नाही, न्यायाधीश नाही’ या वाक्यात काही अभ्यासकांना मरणोत्तर जीवन नाकारणाऱ्या सदूकी या ज्यू पंथाशी घातलेला वाद दिसतो. तसे असेल तर तो भाग फार जुना ठरेल. पण असा नकार कोणत्याही काळातला माणूस देऊ शकतो. या जागी मी तरी टिपणात दोन्ही शक्यता लिहून पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

चौथा अध्याय पुरा भरायला नवख्याला दोन-तीन महिने लागतात. तो झाला की निर्गमचा १२:४२ घ्या, जिथे पॅलेस्टिनी तार्गुम चार रात्रींचे काव्य म्हणतो: सृष्टीच्या निर्मितीची रात्र, अब्राहामाची, मिसरमधून सुटकेची आणि जगाच्या शेवटाची. त्या एका वचनासाठी कागद बाजूने जोडावा लागेल, कारण हिब्रूचा रकाना दीड ओळीत संपतो आणि निओफितीचा पानभर उतरतो.